पुराव्याची धाव कुंपणापर्यंत

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण सहज म्हणून जातो. सरड्याविषयीच्या ज्ञानाची धाव कुठपर्यंत, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. साताऱ्याजवळ ठोसेघरच्या परिसरात चाळकेवाडीचे पठार आहे. पावसाळ्याआधीच्या रणरणत्या उन्हात तिथला एक छोटा सरडा एखाद्या धोंड्यावर चढून बसतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग त्या पंख्यात एकाच वेळी झळकतात. मादीला असा पंखा नसतो. हा सगळा थाट विणीच्या हंगामातला आणि नराचा. डार्विनने १८७१ सालच्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात नर-मादीतल्या फरकाचा दाखला म्हणून या गटातल्या सरड्यांच्या गळ्याचा उल्लेख केला होता. म्हणजे हा प्राणी अज्ञात नव्हता आणि लपून बसणारा तर मुळीच नव्हता. तरीही २०१६ पर्यंत विज्ञानाच्या वहीत त्याला स्वतःचे नाव नव्हते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८२९ मध्ये पाँडिचेरीवरून ‘सिटाना पाँटिसेरिआना’ हे नाव दिले होते, आणि पुढे भारतातले असे पंखागळ्याचे सरडे त्या एकाच नावाखाली जमा होत गेले.

मध्ये एकदा या गोष्टीला वाचा फुटली होती. थॉमस जर्डन या लष्करी डॉक्टराने १८७० मध्ये दख्खनेतला सरडा निराळा आहे असे सांगून त्याला नाव दिले. पुढच्या अभ्यासकांना तो फरक तेवढा महत्त्वाचा वाटला नाही आणि जर्डनचे नाव मोडीत निघाले. यात कोण बरोबर, हे सरडे नुसते पुन्हा पुन्हा न्याहाळून ठरणार नव्हते, कारण दोन्ही बाजू तेच सरडे पाहत होत्या. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातल्या या सरड्यांची बाह्य रचना, हाडांची ठेवण आणि डीएनए शेजारी शेजारी मांडून पाहिले, तेव्हा कुठे निकाल लागला. एका नावाखाली चक्क दोन घराणी नांदत होती. मोठ्या, रंगीत गळ्याच्या घराण्याला नवे नाव मिळाले ते आपल्याच मराठी शब्दावरून: ‘सरडा’. पाच नव्या जातींचे वर्णन झाले, जर्डनची जाती पुन्हा उभी राहिली आणि चाळकेवाडीचा तो झोकदार प्राणी ‘सरडा सुपर्बा’ ठरला. एकाच नावात काढलेली १८७ वर्षे तिथे संपली.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक खुलासा हवा. वर्तमानपत्रे ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात त्याला मराठी विश्वकोश ‘जाती’ म्हणतो, आणि अनेक जातींच्या मिळून होणाऱ्या गटाला ‘प्रजाती’. त्यामुळे एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. मी विश्वकोशाची वाट धरतो. मराठीत ‘जात’ या शब्दाला दुसराही एक जड अर्थ चिकटलेला आहे, तो इथे बाजूला ठेवू. आता मुद्दा असा, की एखादा प्राणी कुठल्या जातीचा हे ठरवण्यासाठी आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकारचे पुरावे असतात: शरीराची रचना, जनुके आणि वर्तन. या तिन्हींना एकत्र घेऊन निर्णय करावा, हे आता तत्त्व म्हणून सगळेच मान्य करतात. पण ते का करावे, याचे कारण बहुतेक वेळा चुकीचे सांगितले जाते. पुरावे जितके जास्त तितके चांगले, तीन मते दोन मतांपेक्षा वजनदार, असा एक हिशेब त्यामागे असतो. माझ्या मते बेरजेचा हा हिशेबच फसवा आहे. तीन पुरावे हवेत ते अशासाठी, की प्रत्येकाची धाव एका कुंपणापाशी अडते आणि तिघांची कुंपणे निरनिराळ्या जागी असतात. एक जिथे फसतो तिथे दुसरा फसण्याचे कारण नसते. म्हणून तिघे एकमताने बोलले तर त्या एकमताला किंमत आहे. आणि तिघे भांडले, तर ते भांडणच आपल्याला काही सांगत असते.

शरीररचनेपासून सुरुवात करू, कारण माणसाने सर्वांत जास्त काळ याच पुराव्यावर विश्वास टाकला. लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दी नावे देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा हाताशी दुसरे काही नव्हतेच. रचना डोळ्यांना दिसते, मोजता येते, संग्रहालयात जपून ठेवता येते आणि जीवाश्मातही सापडते. पण ती दोन्ही बाजूंनी फसवते. एक्लेक्टस नावाच्या पोपटाचा नर हिरवागार आणि मादी लालभडक असते. युरोपातल्या पंडितांनी कितीतरी काळ त्यांना दोन वेगळ्या जाती मानले, कारण पेटाऱ्यातून आलेली पाखरांची कातडी कुणाची कुणाशी जोडी होती हे सांगत नाहीत. याच्या उलट, आफ्रिकेतला सोनेरी कोल्हा आणि आपल्या माळरानावरचा कोल्हा इतके सारखे दिसतात, की दोघांना पिढ्यान्‌पिढ्या एकच जाती मानले गेले. २०१५ मध्ये त्यांचे जनुकसंच तपासले, तेव्हा आफ्रिकेतला तो प्राणी आपल्या कोल्ह्यापेक्षा लांडग्याला जवळचा निघाला. दोघांच्या वाटा दहा लाख वर्षांहून आधी फुटल्या होत्या. सारखे हवामान, सारखी शिकार आणि सारखी जीवनरीत यांनी दोन वेगळ्या वंशांना एकाच साच्यातून काढले होते. रूप परिस्थितीने घडते, आणि म्हणून रूपावरून वंश सांगताना परिस्थितीचा हात त्यातून वजा करावा लागतो. तो किती वजा करायचा, हे रूप स्वतः सांगत नाही.

हे चाळकेवाडीवरच फार स्वच्छ दिसले. तिथे पठाराच्या एका भागात पवनचक्क्या आहेत आणि शेजारच्या भागात नाहीत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन्ही भागांची तुलना केली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चौपटीने कमी होते. वरून झडप घालणारा शत्रू घटल्यावर सरड्यांची दाटी वाढली, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरके कमी झाली, माणूस बराच जवळ येईपर्यंत ते जागचे हलेनासे झाले. आणि दाटीमुळे अंग धरले नाही म्हणून असेल, नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. आता कल्पना करा, की या पठाराची काहीच माहिती नसलेल्या एखाद्या अभ्यासकापुढे दोन्हीकडचे सरडे ठेवले. एकीकडचे भडक आणि भित्रे, दुसरीकडचे फिके आणि धीट. रंग आणि वर्तन एवढ्याच बळावर तो दोन प्रकार पाडून मोकळा होऊ शकतो, आणि त्याला दोन साक्षीदार जुळल्याचे समाधानही मिळेल. प्रत्यक्षात ती एकच जाती आहे आणि फरक घडवला आहे तो माणसाने उभ्या केलेल्या पात्यांनी. इथे दोन पुरावे जुळले खरे, पण दोघांना फसवणारे कारण एकच होते. म्हणूनच पुरावे किती आहेत, यापेक्षा ते एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत, हे आधी पाहावे लागते.

मग सरळ जनुकांकडेच का जाऊ नये? हा आजचा सर्वांत मोहक प्रश्न आहे. डीएनए ऊन-वाऱ्याने फिका पडत नाही. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरावा, दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखा, असे सुचवले. तेव्हापासून या पद्धतीने मोठे काम केले आहे. अंडे, अळी, पिसाचा तुकडा, बाजारात कापून ठेवलेला मासा यांची ओळख पटवायला तिच्यासारखे साधन नाही. पण ओळख पटवणे वेगळे आणि जाती ठरवणे वेगळे. तो तुकडा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातला असतो आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे त्यात घराण्याची अर्धीच कहाणी असते, आजीच्या आजीची. आजोबांचा त्यात पत्ता नसतो. ध्रुवीय अस्वलांच्या बाबतीत याचा चांगलाच फटका बसला. मायटोकॉन्ड्रियाच्या पुराव्यानुसार ती अलास्काच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरील तपकिरी अस्वलांची जवळची नातलग, अलीकडेच त्यांच्यातून फुटलेली शाखा ठरत होती. २०१२ मध्ये केंद्रकातला डीएनए तपासला तेव्हा ध्रुवीय अस्वलांचा वंश स्वतंत्र आणि त्याहून कितीतरी जुना निघाला. कधीकाळी झालेल्या संकराची खूण मातृवंशात राहून गेली होती आणि तीच सगळा वंश असल्यासारखी वाचली गेली होती.

केंद्रकातला डीएनए, अगदी संपूर्ण जनुकसंच हाती आला, तरी कुंपण उरतेच. ते फक्त जरा पुढे सरकते. दोन समूहांतला फरक किती टक्के झाला म्हणजे जाती वेगळी, याचे उत्तर डीएनएमध्ये लिहिलेले नसते. दोन-तीन टक्क्यांची रेघ आपणच ओढतो. एखाद्या गोगलगायीसारख्या जागा न सोडणाऱ्या प्राण्यात दोन शेजारच्या डोंगरांवरचे समूहही जनुकांनी बरेच दुरावलेले असू शकतात आणि तरी एकत्र आले तर सुखाने नांदू शकतात. उलट, नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन जाती परस्परांशी जोडी जमवणे पूर्ण थांबवतात आणि तरी त्यांच्या जनुकांतला फरक नगण्य असतो. जनुके म्हणजे घराण्याच्या वाटण्यांचे जुने कागद आहेत. वाटणी केव्हा झाली, कुणाची कुणाशी सोयरीक होती, हे त्यांतून कळते. पण दोन भावकींमध्ये आज येणे-जाणे आहे की नाही, हे कागदांवरून समजत नाही. त्यासाठी त्यांच्या दारात जावे लागते.

दारात जाणे म्हणजे वर्तन पाहणे. अर्न्स्ट मायर याने १९४२ मध्ये मांडलेली जातीची व्याख्या, आपसांत प्रजनन करणारा आणि इतरांपासून त्या बाबतीत तुटलेला समूह, ही मुळात वर्तनाशीच येऊन थांबते. कारण बहुतेक प्राण्यांमध्ये ते तुटलेपण सुरू होते ओळखीपासून: हाक ओळखणे, वास ओळखणे, नाच ओळखणे, गळ्याचा रंग ओळखणे. युरोपातले सर्वांत परिचित छोटे वटवाघूळ, पिपिस्ट्रेल, याचे उदाहरण यासाठी अभ्यासण्याजोगे आहे. रात्री उडताना ते माणसाच्या कानाला न ऐकू येणारे आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधते. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये यंत्रांनी हे आवाज नोंदताना दिसले, की काही वटवाघळे ४५ किलोहर्ट्‌झच्या आसपास बोलतात आणि काही ५५ च्या आसपास. मधले जवळजवळ कुणी नाही, आणि दोन्ही गट राहतातही वेगवेगळ्या वसाहतींत. शरीरे इतकी सारखी, की कुणाला कधी संशय आला नव्हता. आवाजाने दाखवलेल्या दिशेने जाऊन १९९७ मध्ये डीएनए तपासला, तेव्हा दोन गटांत अकरा टक्क्यांहून अधिक अंतर निघाले. घराच्या छपरात शतकानुशतके राहणारा प्राणी एक नसून दोन होते. इथे वर्तनाने प्रश्न विचारला, जनुकांनी उत्तर दिले आणि मग शरीररचनेकडे पुन्हा वळल्यावर बारीक फरक दिसू लागले.

पण वर्तनालाही कुंपण आहेच. जे शिकता येते ते बदलतेही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या पांढऱ्या डोक्याच्या चिमण्यांची गाणी काही मैलांवर बदलतात, हे पीटर मार्लर याने दाखवून दिले. आणि तरी ती एकच जाती आहे. पिल्ले आसपासच्या मोठ्या नरांकडून गाणे शिकतात, म्हणून आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलावी तशा त्यांच्या बोली बदलतात. मालवणी आणि वऱ्हाडी बोलणारी माणसे दोन जातींची ठरत नाहीत, तशीच ही गोष्ट. म्हणून वर्तनाचा पुरावा घेताना ते वर्तन जन्मजात आहे की शिकलेले, आणि जोडीदार निवडताना त्याचा उपयोग होतो की नाही, हे विचारावे लागते. बेडकांच्या हाकेला वर्गीकरणात मोठे वजन मिळते ते याचमुळे. ती बेडकाला उपजत येते आणि मादी तिच्यावरूनच नर शोधते. सह्याद्रीतल्या अनेक बेडकांच्या जाती ओळखताना अभ्यासक आधी रात्रीच्या पावसात कान देतात, ते यासाठी.

हे सगळे एकत्र ठेवले, की तिन्ही पुराव्यांमधले नाते लक्षात येते. वर्तन बहुधा भिंत उभी करते, जनुके त्या भिंतीच्या बांधकामाची तारीख सांभाळतात आणि शरीर तिच्या दोन्ही बाजूंना हळूहळू निराळे होत जाते. एक कारण, एक नोंद, एक परिणाम. या तिघांचे वेग वेगळे असल्याने ते नेहमी एकसुरात बोलतील अशी अपेक्षाच चुकीची आहे. कोस्टा रिकातल्या गुआनाकास्ते भागातल्या एका फुलपाखरात हे दिसले. प्रौढ फुलपाखरे जवळपास सारखी, पण सुरवंटांचे रंग वेगळे आणि त्यांची खाण्याची झाडे वेगळी. २००४ मध्ये बारकोडची जोड देऊन ही एक नसून दहा जाती आहेत असे जाहीर झाले. लगेच आक्षेप आला, की त्याच माहितीतून फार तर तीन ते सात गट सिद्ध होतात. पुढे केंद्रकातल्या डीएनएच्या तपासाने त्यांतल्या काही जातींचे वेगळेपण पक्के केले. या वादात दहाच्या बाजूचे जिंकले की सातच्या, हा मुद्दा गौण आहे. सुरवंट काय खातो हे वर्षानुवर्षे नोंदवणारी माणसे नसती, तर वाद घालण्याजोगे काही हातीच आले नसते, हा खरा धडा आहे.

इथे एक समंजस वाचक विचारील, की निसर्ग सलग आहे, रेघा आपण ओढतो, मग या कीसकामाने काय साधणार? जाती ही मानवी सोय आहे, असे म्हणणारे जीवशास्त्रज्ञही आहेत. निसर्गात काठावरची उदाहरणे असतात हे मलाही मान्य आहे. पण संध्याकाळ असते म्हणून दिवस आणि रात्र खोटी ठरत नाहीत. आणि रेघ कुठे ओढली यावर माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा प्रमुख डास म्हणजे अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसिस. भिंगाखाली तो एकच दिसतो. पण गुणसूत्रांवरचे पट्टे तपासल्यावर १९८० पासून त्यात एकेक करून पाच भावंड-जाती वेगळ्या काढल्या गेल्या. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी अक्षरे दिली आहेत. त्यांतली ‘बी’ देशाच्या बहुतेक भागांत हिवताप पसरवण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी मानली जाते, इतर चार मात्र वाहक आहेत. गावात डास किती सापडले, एवढा आकडा घेऊन फवारणीचे वेळापत्रक आखणारा अधिकारी निरुपद्रवी डासांमागे पैसा आणि कीटकनाशक खर्ची घालू शकतो, किंवा डास कमी दिसले म्हणून धोक्याच्या गावाकडे दुर्लक्ष करू शकतो. डासांना आपापसातला फरक बरोबर कळतो, कारण ते एकमेकांशी जोडी जमवत नाहीत. ही रेघ आपण ओढलेली नाही, आपल्याला ती उशिरा दिसली एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नव्या जातींचा हा सुकाळ संशोधकांच्या कीर्तीसाठी आणि संरक्षणाच्या निधीसाठी आहे, जुन्याच प्राण्यांना नवी लेबले चिकटवून संख्या फुगवली जाते, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. जनुकांतला जरासा फरक किंवा एखाद्या खवल्याची जास्तीची रांग एवढ्यावर नावे दिली गेल्याची उदाहरणे आहेत. पण यावरचा उतारा म्हणजेच तीन स्वतंत्र पुराव्यांचा आग्रह. तो जसा फोडतो, तसा जोडतोही. २०१७ मध्ये मार्जारकुलाच्या तज्ज्ञगटाने गीरच्या सिंहाची वेगळी उपजाती मोडून त्याला पश्चिम, मध्य आणि उत्तर आफ्रिकेतल्या सिंहांबरोबर एकत्र केले आणि वाघांच्या सगळ्या उपजाती दोनवर आणल्या. वाघांबाबत पुढच्याच वर्षी संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाने सहा गटांचा दावा मांडला आणि तो वाद अजून चालू आहे. गीरच्या सिंहाची उपजाती गेली म्हणून त्याचे रक्षण करण्याची गरज तसूभरही कमी झाली नाही, आणि कमी होऊ द्यायचीही नाही. नाव वाचवण्यासाठी विज्ञान वाकवणे आणि प्राणी वाचवण्यासाठी विज्ञान वापरणे यांत फरक आहे. आणि जिथे वेगळेपण खरे असते तिथे ते नाकारण्याची किंमत मोठी असते. आफ्रिकेतले जंगलातले हत्ती आकाराने लहान, सरळ सुळ्यांचे आणि गोलसर कानांचे. ते सव्हानातल्या हत्तींपासून जनुकांनीही वेगळे आहेत, हे २००१ मध्ये दाखवले गेले. तरी निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघाने दोघांची वेगळी गणना केली ती २०२१ मध्ये. तोवर ‘असुरक्षित’ या एकाच सौम्य शिक्क्याखाली दोघे होते. वेगळे मोजल्यावर जंगलातल्या हत्तींची संख्या ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून अधिक घटल्याचे समोर आले. सरासरीच्या आकड्यात ही पडझड झाकून गेली होती.

तिसरा आक्षेप वेळेचा. जंगले तुटताहेत, पठारे खणली जाताहेत. तीन-तीन पुराव्यांची वाट पाहत बसलो तर नाव मिळण्याआधी प्राणी संपेल. ही भीती मी सर्वांत गांभीर्याने घेतो. पण घाईने दिलेले आणि पुढे कोसळणारे नाव प्राण्याला वाचवत नाही. उलट पुढच्या खऱ्या नावावरचा विश्वास कमी करते. कायद्याच्या अनुसूचीत प्राणी नावाने नोंदलेले असतात आणि वारंवार बदलणारी नावे पळवाटा शोधणाऱ्यांच्या पथ्यावर पडतात. शिवाय तीन पुरावे म्हणजे तिप्पट वेळ, हे गणित तेव्हाच खरे ठरते, जेव्हा प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते. नागराजाचे उदाहरण पाहा. १८३६ पासून एकच मानला गेलेला हा साप २०२४ मध्ये चार जातींत विभागला गेला आणि त्यांतली पश्चिम घाटातली जाती ‘ऑफिओफॅगस कालिंगा’ ठरली. आधी जनुकांवरून चार वंशांचा संशय आला. मग अंगावरच्या पट्ट्यांची आणि खवल्यांची पडताळणी झाली, आणि ती होऊ शकली कारण जुने नमुने संग्रहालयांनी जपून ठेवले होते. ज्यांनी ते बरणीत ठेवले त्यांना डीएनए म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते.

म्हणून माझी मागणी प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्रांपुरती नाही. डीएनए वाचणे दरवर्षी स्वस्त होत चालले आहे, ते होईलच. महाग आणि दुर्मीळ होत चालली आहेत ती बाकीची दोन अंगे. मुंबईत १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा संग्रह आहे, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. अशा संग्रहांकडे धूळ खात पडलेल्या बरण्या म्हणून न पाहता ते सार्वजनिक दप्तर आहे असे समजून त्यांच्या देखभालीचा खर्च झाला पाहिजे. प्राण्यांचे आवाज आणि हालचालींची चित्रफीत यांनाही नमुन्याचा दर्जा देऊन त्या तशाच जपल्या पाहिजेत, कारण मेलेला बेडूक हाक देत नाही आणि बरणीतला सरडा गळा उघडत नाही. विद्यापीठांनी खवले मोजणाऱ्या आणि रात्र-रात्र पाणवठ्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला जनुकसंच वाचणाऱ्या विद्यार्थ्याइतकेच मोल दिले पाहिजे. नव्या जातीची बातमी छापताना आम्हा लिहिणाऱ्यांनीही नावाच्या गमतीवर न थांबता, हे वेगळेपण कोणकोणत्या पुराव्यांवर उभे आहे, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

शेवटी पुन्हा चाळकेवाडीला जाऊ. अशा खडकाळ पठारांची आणि माळरानांची नोंद आपल्याकडे बहुतेक वेळा पडीक जमीन म्हणून होते. तिथल्या पवनचक्क्या ‘सरडा सुपर्बा’ या नावापेक्षा जुन्या आहेत. त्या उभ्या राहिल्या तेव्हा धोंड्यावर गळा फुलवणारा प्राणी कागदोपत्री पाँडिचेरीच्या नावाने सगळीकडे आढळणारा एक सामान्य सरडा होता, आणि सामान्य सरड्यासाठी कुणी प्रश्न विचारत नाही. नाव आधी मिळाले असते तर पाती फिरायची थांबली असती, असा माझा दावा नाही. कदाचित थांबायला नकोही होती. पण कोणत्या भागात उभारायची, किती जागा मोकळी सोडायची, यावर बोलताना त्या पठाराला ‘पडीक’ म्हणण्याआधी कुणालातरी क्षणभर अडखळावे लागले असते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, हे खरे. या सरड्याचे कुंपण मात्र आपण एका चुकीच्या नावाने घातले होते, आणि ते हलवायला त्याची हाडे, त्याचा डीएनए आणि त्याचा उघडलेला गळा, तिन्हींकडे पाहावे लागले.